शेजारघरचा निवाडा

एखाद्या संसाराची वाताहत दाखविणारा चित्रपट पाहून बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांचे संभाषण ज्याने कधी लक्षपूर्वक ऐकले असेल, त्याच्या एक गोष्ट ध्यानात आल्यावाचून राहिली नसेल की, जे पाहिले त्याने मन विषण्ण झालेले असतानाही, दोष कोणाचा हे ठरविण्याच्या कामी या मंडळींना क्षणाचाही विलंब सोसवत नाही. फिर्याद, साक्षीपुरावा आणि हुकूमनामा ही तिन्ही कामे चित्रपटगृहाच्या पायऱ्या उतरता उतरताच उरकली जातात, आणि घरी पोहोचेपर्यंत पती तरी दोषी ठरलेला असतो, पत्नी तरी.

रिचर्ड येट्स यांच्या १९६१ सालच्या कादंबरीवरून सॅम मेंडेस यांनी २००८ साली काढलेला 'रेव्होल्यूशनरी रोड' हा चित्रपट म्हणजे अशा निवाड्यांचे एक भले मोठे दप्तरच होय. १९९७ साली 'टायटॅनिक'मध्ये ज्यांच्या प्रणयाने जगभरच्या प्रेक्षकांना रडविले, ती केट विन्स्लेट आणि लिओनार्दो डिकॅप्रिओ यांची जोडी अकरा वर्षांनी येथे पती-पत्नी म्हणून एकत्र आली, आणि प्रेक्षकांना पाहावे लागले ते त्या पती-पत्नींनी एकमेकांना शब्दांनी घायाळ करणे. काळ १९५५ च्या सुमाराचा. स्थळ कनेक्टिकट संस्थानातील एक टापटिपीचे उपनगर. फ्रँक व्हीलर रोज आगगाडीने न्यूयॉर्कला जाऊन एका यंत्रकंपनीत, ज्या कंपनीत बापाने आयुष्य झिजविले त्याच कंपनीत, मनाविरुद्ध कारकुनी करतो. एप्रिल ही त्याची पत्नी एके काळी नटी होऊ पाहणारी, आणि आता हौशी नाट्यमंडळीच्या फसलेल्या प्रयोगानंतर रंगपटात एकटी बसून राहिलेली. फ्रँकच्या तिसाव्या वाढदिवशी ती एक योजना मांडते: घर विकावे, पॅरिसला जावे, नोकरी तिने करावी आणि आपल्याला खरोखर काय व्हावयाचे आहे याचा शोध त्याने स्वस्थपणे घ्यावा. काही दिवस दोघे जणू नव्याने प्रेमात पडतात. मग त्याला बढतीचे आमिष दाखविले जाते, तिला तिसऱ्यांदा दिवस जातात, योजना मोडते, आणि शेवटी घरच्या घरी गर्भपात करून घेण्याच्या प्रयत्नात एप्रिल प्राणास मुकते.

या कथेवर प्रेक्षकांनी दिलेली मते ढोबळ मानाने चार प्रकारची असतात. फ्रँक भित्रा आणि दांभिक आहे, असे एक पक्ष म्हणतो. एप्रिल आत्मकेंद्री असून तिला ना पतीची पर्वा ना मुलांची, असे दुसरा. तिसरा पक्ष संख्येने बहुधा सर्वांत मोठा असावा. तो विचारतो की, घर, मोटार, नोकरी, दोन निरोगी मुले असताना या दोघांना कमी तरी काय होते? आणि चौथ्याच्या मते, सगळ्या पात्रांत शहाणा एकच, तो म्हणजे मनोरुग्णालयातून अधूनमधून पाहुणा म्हणून येणारा आणि सर्वांना तोंडावर खरे सुनावणारा जॉन.

यांपैकी 'कमी काय होते' हा प्रश्न प्रथम विचारात घेण्याजोगा आहे, कारण तो विचारणाराची जागा बदलली की त्याचे नैतिक वजनही बदलते. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत सरकारी हमीच्या स्वस्त कर्जांच्या बळावर उपनगरांची जी लाट उसळली, तिच्यात न्यूयॉर्कनजीकच्या लाँग आयलंडवर लेव्हिटाउन ही वसाहत १९४७ पासून चार-पाच वर्षांत सतरा हजारांहून अधिक घरांची होऊन उभी राहिली. परंतु तेथील आरंभीच्या करारनाम्यांत, गोऱ्या वंशाखेरीज इतर कोणास घरात राहू देऊ नये, असे कलमच घातलेले होते. त्या कलमाने ज्याला दाराबाहेर ठेवले, त्या कृष्णवर्णीय नागरिकाने व्हीलर दांपत्याकडे पाहून 'यांना कमी काय होते' असे विचारले, तर ती न्याय्य फिर्याद आहे आणि तिला उत्तर देणे बाकी आहे. पण तोच प्रश्न तशाच घरात, तशाच कर्जाचे हप्ते भरीत, तशाच नोकरीला कंटाळलेल्या माणसाने विचारला, म्हणजे त्या प्रश्नाचा उपयोग स्वतःच्या मनातील असंतोषाचे तोंड बंद करण्यासाठी होत असतो. पोटभर जेवणाऱ्याला दुःखी होण्याचा परवाना नाही, असा कायदा कोणत्याही धर्मशास्त्राने केलेला नाही. उलट, राजवाड्यातील सुख पुरेसे न वाटल्यामुळेच ज्याने गृहत्याग केला, त्या सिद्धार्थाला आपल्या परंपरेने वंद्य मानले आहे.

तेव्हा असंतुष्ट असणे हा व्हीलर दांपत्याचा अपराध नव्हे. त्या असंतोषाचे त्यांनी काय केले, हे पाहिले पाहिजे. आजूबाजूची माणसे सामान्य, मठ्ठ, चाकोरीतली. आपण दोघे मात्र निराळे, असा एक समज या पती-पत्नींनी लग्नापासून जोपासला आहे, आणि खोलात जाऊन पाहिले तर त्यांच्या प्रेमाची अर्धी इमारत त्या समजावरच उभी आहे. शेजारी जमले की गप्पा व्हावयाच्या त्या उपनगरी जीवनाच्या पोकळपणाच्या, आणि शेजारी गेले की हसावयाचे ते त्या शेजाऱ्यांच्याच पोकळपणाला. येट्स यांनी पुढे एका मुलाखतीत या संबंधात खेद व्यक्त केला होता. आपली कादंबरी उपनगरांविरुद्धची कादंबरी म्हणून वाचली गेली, परंतु उपनगराला दोष देणे हा त्या पात्रांचा भ्रम होता, आपला नव्हे, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. स्वतःच्या सामान्यपणाशी समोरासमोर गाठ पडू नये म्हणून दुसऱ्याचा सामान्यपणा मोजीत बसणे, हे या घराचे खरे दुखणे आहे. पॅरिसला जाऊनही ते बरे झाले असते की नाही, याची शंका वाटते. कारण तुच्छतेची सवय सामानाबरोबर सहज नेता येते.

एप्रिलला स्वार्थी म्हणणाऱ्यांनी निकालपत्रावर सही करण्यापूर्वी त्या काळचा कायदा नजरेखालून घालावा, हे बरे. कनेक्टिकट संस्थानात १८७९ सालापासून असा कायदा अंमलात होता की, गर्भपात तर राहोच, विवाहित दांपत्याने संततिनियमनाचे साधन वापरणे हासुद्धा गुन्हा ठरे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला १९६५ साली, म्हणजे एप्रिलच्या मृत्यूनंतर सुमारे दहा वर्षांनी. ज्या मुंबईत र. धों. कर्वे यांनी लोकनिंदा सोसून १९२१ सालीच संततिनियमनाचे केंद्र उघडले होते, तेथील वाचकाला हे चमत्कारिक वाटेल. पण ज्या स्त्रीच्या हातातून निर्णयाचे सगळे राजमार्ग सरकारने काढून घेतले, तिने अखेर जी जीवघेणी आडवाट धरली, तिचा संपूर्ण बोजा तिच्या एकटीच्या स्वभावावर टाकणे हे न्यायबुद्धीला शोभत नाही. यावरून तिचे सर्वच वर्तन निर्दोष ठरते, असे मात्र नाही. पतीला दुखविण्याकरिता निवडलेले तिचे शब्द तिचेच आहेत, जसा कचेरीतील एका तरुण मुलीशी केलेला व्यभिचार आणि पॅरिसच्या बेताला वरवर होकार देत आतून बढतीची वाटाघाट चालू ठेवण्याचे कपट ही सर्वस्वी फ्रँकची आहेत. परिस्थितीच्या खात्यावर काय मांडावयाचे आणि माणसाच्या खात्यावर काय, याचा हिशेब वेगवेगळा ठेवल्यावाचून नीतिविचाराला आरंभच होत नाही.

जॉनचा पक्ष घेणाऱ्यांची अडचण निराळी आहे. मायकेल शॅनन यांनी ही भूमिका अशी काही वठविली आहे की ऑस्करच्या नामांकनात त्यांचे नाव आले, आणि प्रेक्षकाला वाटू लागते की या घरात खरे बोलणारा एवढाच एक. तो बोलतो ते पुष्कळसे खरे असते, याबद्दल वाद नाही. पण जेवणाच्या मेजावर, भांडणाने आधीच पिळवटून गेलेल्या पती-पत्नींसमोर, न जन्मलेल्या मुलाचा उल्लेख करून तो जे काही उच्चारतो, त्यात सत्याबरोबर दुसऱ्याला उघडे पाडण्याचा आनंदही मिसळलेला आहे, आणि आपल्या बोलण्याने जे कोसळेल ते सावरण्याची जबाबदारी तो घेत नाही. ती घेण्याजोगी त्याची अवस्थाही नाही. विजेच्या झटक्यांचे उपचार सोसून आलेल्या त्या दुर्दैवी माणसाला यात एक वेळ माफी आहे. आपण मात्र निरोगी मेंदूने त्याच्या बेजबाबदार स्पष्टवक्तेपणाला सत्यनिष्ठा म्हणून मिरवू लागलो, तर ती आपली चूक. सत्य आणि प्रिय यांची सांगड घालण्याविषयी आपल्या जुन्या नीतिकारांनी जो आग्रह धरला, तो भित्रेपणातून खचित नव्हे.

प्रेक्षकांचा एक आक्षेप मात्र मला सर्वांत रास्त वाटतो, आणि तो दोन्ही पक्षांना सारखाच लागू आहे. या घरात दोन मुले आहेत, हे अर्धाअधिक चित्रपट पाहताना स्मरणातच राहत नाही. आईबापांच्या रणधुमाळीत ती कोठेतरी बाजूच्या खोलीत नाही तर शेजाऱ्यांकडे असतात. हा दिग्दर्शकाचा दोष की त्याने हेतुपुरस्सर साधलेला परिणाम, याबद्दल मतभेद होतील. मला तो परिणाम वाटतो, कारण स्वतःच्या अपुऱ्या राहिलेल्या मोठेपणाचा शोक करण्यात गढलेल्या माणसांना घरातील लहान माणसे अशीच दिसेनाशी होतात. इब्सेनच्या नोराने १८७९ साली घराबाहेर पाऊल टाकले, तेव्हाही मुलांचे काय, हाच प्रश्न युरोपभर गाजला. जर्मनीतील एका नामांकित नटीने, मुलांना टाकून जाणारी स्त्री मी रंगविणार नाही, असा हट्ट धरल्यामुळे नाटककाराला निरुपायाने शेवट फिरवून द्यावा लागला, आणि नोरा मुलांच्या खोलीच्या दाराशीच खचून बसली. लोकमताला असा बदललेला शेवट मिळाला की समाधान वाटते. परंतु मुलांच्या वाटणीला प्रत्यक्षात काय आले, हा प्रश्न त्या समाधानाने सुटत नाही. तो प्रत्येक घरात, दार बंद होण्याच्या पुष्कळ आधी, नव्याने विचारावा लागतो.

या चित्रपटाचे अखेरचे काही प्रसंग तर जणू प्रेक्षकांच्या मतांवरच रचलेले आहेत. व्हीलरांच्या रिकाम्या झालेल्या घरात नवे बिऱ्हाड येते, आणि शेजारीण मिली त्या नवागतांना मागची हकीकत रंगवून सांगते. तिचा नवरा शेप, ज्याचे एप्रिलवर प्रेम होते आणि ज्याच्या मनाला अपराधाचा काटा आहे, तो उठून बाहेर जातो आणि हा विषय पुन्हा काढू नकोस असे बायकोला विनवतो. घरांची दलाली करणाऱ्या हेलनबाईंनी एके काळी व्हीलर दांपत्याची तोंड फाटेपर्यंत स्तुती केलेली असते. आता त्याच बाई, ती माणसे मुळातच विक्षिप्त होती आणि घराची त्यांनी आबाळ केली, असे ठामपणे नवऱ्याला ऐकवू लागतात, आणि तो वृद्ध गृहस्थ आपल्या श्रवणयंत्राचा आवाज हळूहळू कमी करीत नेतो. कादंबरीचा शेवटही असाच आहे. विजय तेंडुलकरांनी १९६७ साली 'शांतता! कोर्ट चालू आहे' या नाटकात हौशी नटमंडळींच्या लुटुपुटीच्या न्यायालयात बेणारेबाईंना उभे केले, तेव्हा मराठी प्रेक्षकाला हाच अनुभव निराळ्या रीतीने आलेला आहे. आरोपी एकटी, आणि न्यायासनावर बसलेल्या मंडळींची स्वतःची आयुष्ये अपयशाने भरलेली. त्या अपयशाचा विसर पडावा एवढ्यासाठीच जणू त्या अभागिनीची चौकशी चालविलेली.

व्हीलर पती-पत्नी शेजाऱ्यांना तुच्छ लेखून स्वतःला उंच समजत, हा त्यांचा दोष म्हणून आपण नुकताच नोंदविला. मग त्याच व्हीलर पती-पत्नींना तुच्छ लेखून, 'आमच्या घरी असले काही नाही' या समाधानात घरी परतणाऱ्या प्रेक्षकाचा दोष कोणता? मुंबई-पुण्याच्या सदनिकेत असो वा न्यू जर्सीच्या हिरवळीने वेढलेल्या बंगल्यात असो, शेजारच्या भिंतीपलीकडचे भांडण कानांवर आले असता आपण जे मत बनवितो, त्याच्या तळाशी असे एक आत्मस्तुतीचे सूक्ष्म माप असतेच, आणि मत जितके झटपट बनते, तितके ते माप मोठे असते.

म्हणून मत देऊच नये, असे मी सुचवीत नाही. हेलनबाईंच्या यजमानांप्रमाणे कान बंद करून घेणे हा त्या बडबडीवरचा क्षम्य उपाय असेल, पण तो शेजारधर्म नव्हे. ज्यांनी व्हीलरांची भांडणे ऐकली, त्यांपैकी एकानेही एप्रिलची वेळेवर विचारपूस केली नाही, हेही विसरता कामा नये. कपटाला कपट म्हणावे, क्रूर शब्दाला क्रूर म्हणावे. कृत्यांचा निवाडा निर्भीडपणे करावा आणि माणसांचा मात्र तहकूब ठेवावा. वाचकांना माझी विनंती इतकीच आहे की, पुढच्या वेळी पडद्यावरच्या किंवा शेजारच्या एखाद्या संसाराविषयी मत ओठांवर येईल तेव्हा, ते उच्चारल्याने त्या घरातील कोणाचे काही भले होणार आहे की केवळ आपली उंची बोटभर वाढणार आहे, हे आधी पाहावे. आणि दुसरे असेल, तर ते मत गिळून त्या घरच्या माणसांची साधी चौकशी करावयास जावे.