जाण्याआधी त्यांचे ऐकून जा

पुण्यात किंवा नाशकात एखाद्या घरी जर्मनीला जायचे ठरले, की ठरलेली धावपळ सुरू होते. मॅक्सम्युलर भवनचा जर्मन भाषेचा वर्ग, बी-वनची परीक्षा, विद्यार्थी असेल तर शैक्षणिक कागदपत्रांच्या पडताळणीचे एपीएस प्रमाणपत्र आणि ब्लॉक्ड अकाउंटमधले पैसे, मग व्हिसाची अपॉइंटमेंट. शेवटच्या आठवड्यात कुकर, गोडा मसाला आणि थंडीचे जॅकेट. रात्री मोबाइलवर तिकडे आधी पोचलेल्या मराठी मुलांचे व्हिडिओ : खोलीचे भाडे किती, हातात पगार किती पडतो, भारतीय वाण्याचे दुकान कुठे, पीआर, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, किती वर्षांनी. या चौकशीत काही गैर नाही. परक्या मुलखात जाणाऱ्याने पैशांचा हिशोब करूनच निघावे. पण ही यादी नीट पाहिली तर तिच्यातला प्रत्येक प्रश्न 'मला काय मिळेल' याच्याशी येऊन थांबतो. ज्या लोकांच्या शेजारी पुढची दहा-वीस वर्षे काढायची, ते कशाने दुखावतात, कशाला हसतात, कशावरून आपसात भांडतात, हे कुणी विचारत नाही.

ते जाणून घेण्याचा एक स्वस्त मार्ग आहे. त्या देशातल्या लोकांनी स्वतःसाठी काढलेले चित्रपट, तळाशी उपशीर्षके लावून, घरच्यांसोबत बसून पाहावेत.

'स्वतःसाठी' ही अट महत्त्वाची. स्वित्झर्लंडचेच पाहा. आपल्या दोन-तीन पिढ्यांनी तो देश यश चोप्रांच्या डोळ्यांनी पाहिला. इंटरलाकेनमध्ये 2016 साली त्यांचा पुतळाही बसवला गेला. त्या पडद्यावर बर्फ आहे, हिरवळ आहे, गाईंच्या गळ्यातल्या घंटा आहेत, आणि स्विस माणूस जवळजवळ नाहीच. खुद्द स्विस लोकांनी डोक्यावर घेतलेला एक चित्रपट मात्र 1978 सालचा आहे, रोल्फ लिसी यांचा 'डी श्वायत्सरमाखर', म्हणजे 'स्विस माणसे घडवणारे'. झुरिकमध्ये नागरिकत्व मागणाऱ्या परदेशी लोकांच्या मागावर असलेले सरकारी तपासनीस हा त्याचा विषय. अर्जदार नीटनेटका राहतो का, शेजारी त्याच्याबद्दल काय बोलतात, तो पुरेसा 'आपल्यातला' झाला आहे का, याची ते छडा लावल्यासारखी चौकशी करत फिरतात. हा विनोदी चित्रपट पाहताना स्विस प्रेक्षक स्वतःच्याच संशयी स्वभावाला हसले. तिकडे राहायला जाणाऱ्याला बर्फाच्या गाण्यांचा उपयोग काय? त्याला उपयोग आहे तो या हसण्याचा.

जर्मनीचा विषय आज आपल्या दाराशी आला आहे. 2024 मध्ये जर्मन सरकारने भारतीय कुशल कामगारांच्या व्हिसांची वार्षिक संख्या 20 हजारांवरून 90 हजारांपर्यंत नेण्याचे जाहीर केले. त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने बाडेन-वुर्टेम्बर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. परिचारिका, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर, हॉटेलातले आचारी अशा कामांसाठी आता आपल्या तालुक्यांतली मुले जर्मन शिकू लागली आहेत. पण बाहेरून कामगार बोलावण्याची ही त्या देशाची पहिली वेळ नव्हे. पश्चिम जर्मनीने 1955 मध्ये इटलीशी आणि 1961 मध्ये तुर्कस्तानशी असे करार केले. आलेल्यांना 'पाहुणे कामगार' म्हटले गेले. 1964 साली दहा लाखावा कामगार कोलोनला उतरला. तो पोर्तुगीज सुतार होता आणि त्याला स्वागतासाठी एक मोपेड भेट मिळाली. 1973 च्या तेलसंकटात भरती थांबली, तोवर अनेकांचे बिऱ्हाड तिथे मांडले गेले होते.

त्या लोकांचे पुढे काय झाले, हे 'आल्मान्या' या 2011 च्या चित्रपटात यासेमिन शामदेरेली यांनी हसतखेळत सांगितले आहे. या दिग्दर्शिका स्वतः तुर्की कुटुंबातल्या, जर्मनीत जन्मलेल्या. चित्रपटातला आजोबा हुसेन हा दहा लाख एकावा कामगार, म्हणजे मोपेड एका माणसाने हुकलेला! कुटुंब पहिल्यांदा जर्मनीत उतरते त्या प्रसंगांत दिग्दर्शिकेने एक युक्ती केली आहे. तुर्की माणसे जर्मन बोलतात आणि जर्मन माणसे कुणालाच न कळणारी बनावट भाषा बोलतात. त्यामुळे जर्मन प्रेक्षकाला आपल्याच देशात थोडा वेळ परके होऊन बसावे लागते. पुढे म्हातारपणी हुसेनला जर्मन पासपोर्ट मिळायची वेळ येते तेव्हा त्याला स्वप्न पडते : समोरचा अधिकारी आठवड्यातून दोनदा डुकराचे मांस खाण्याची आणि दर रविवारी 'टाटओर्ट' पाहण्याची हमी मागतो आहे. 'टाटओर्ट' ही 1970 पासून रविवारी रात्री सव्वाआठला लागणारी पोलिसी तपासकथांची मालिका. म्युनिक, कोलोन, म्युन्स्टर अशा शहरांचे आपापले तपास अधिकारी तिच्यात असतात. सोमवारी कामावर मधल्या सुट्टीत काय बोलावे हे ज्यांना सुचत नाही, त्यांनी ती पाहायला हरकत नाही.

जाणाऱ्याने दुसरी गोष्ट समजून घ्यावी ती तिथल्या पाळतीच्या धास्तीची. नव्याने गेलेल्या आपल्या मुलांना एक अनुभव हमखास येतो. रस्त्यात, बागेत, कार्यालयात सहज फोटो काढला की समोरचा माणूस गंभीर होतो. ही माणसे तुसडी आहेत, असा निष्कर्ष काढून आपण मोकळे होतो. त्याआधी 2006 चा 'दास लेबेन देर आंदेरेन', म्हणजे 'इतरांचे आयुष्य', पाहावा. 1984 चे पूर्व बर्लिन. एका नाटककाराच्या घरात श्टाझी ही गुप्तचर यंत्रणा ऐकण्याची यंत्रे बसवते आणि एक अधिकारी माळ्यावर बसून त्याचे घरगुती आयुष्य टिपत राहतो. समोरच्या शेजारणीने हे पाहिलेले असते. तिला दारातच सांगितले जाते, की तोंड उघडलेस तर मुलीची विद्यापीठातली जागा जाईल. त्याआधी नाझी राजवटीतही शेजाऱ्याने शेजाऱ्याची खबर दिलेली होती. इतिहासात दोनदा असे पोळल्यावर लोक खासगी माहितीला जपतात, यात नवल ते काय? हेस्सेन या राज्याने 1970 मध्येच माहिती संरक्षणाचा कायदा केला, तो जगातला पहिला.

हीच धास्ती आजच्या शाळेत कशी वावरते ते 2023 च्या 'दास लेररत्सिमर' या चित्रपटात दिसते. लेररत्सिमर म्हणजे शिक्षकांची खोली. शाळेत चोऱ्या होत असतात. वर्गातल्या मुलांची पाकिटे तपासली जातात आणि संशयाची सुई तुर्की वंशाच्या अली नावाच्या मुलाकडे वळते. गणिताची तरुण शिक्षिका कार्ला हिला ते सहन होत नाही. खरा चोर शोधायला ती शिक्षकांच्या खोलीत लॅपटॉपचा कॅमेरा गुपचूप सुरू ठेवते. पुरावा मिळतो, असे तिला वाटते. पण तू सहकाऱ्यांचे चित्रण केलेसच कसे, यावर रण माजते. आपल्याकडे सोसायटीच्या जिन्यात, वर्गात, दुकानात कॅमेरा बसला की आपण निर्धास्त होतो. तिथे नेमके उलटे होते. कार्ला स्वतः पोलिश आईबापांची. एक सहकारी तिच्याशी पोलिश बोलू लागतो तेव्हा ती त्याला जर्मनमध्ये बोलायला सांगते. बाहेरून आलेल्या घरातली मुलगी स्वतःला किती जपून वागवते, हे तेवढ्या क्षणात कळते. दिग्दर्शक इल्कर चाताक यांचे आईवडीलही तुर्कस्तानातून आलेले.

ज्यांना पूर्वीच्या पूर्व जर्मनीतल्या लाइपझिग किंवा ड्रेस्डेनला जायचे आहे, त्यांनी वोल्फगांग बेकर यांचा 'गुड बाय, लेनिन!' (2003) चुकवू नये. पूर्व जर्मनीवर निष्ठा असलेली एक आई 1989 मध्ये कोमात जाते. ती शुद्धीवर येते तोवर बर्लिनची भिंत पडलेली असते. तिला धक्का बसू नये म्हणून मुलगा घराच्या चार भिंतींत जुना देश चालू ठेवतो. दुकानांतून नाहीशा झालेल्या श्प्रेवाल्डच्या काकड्यांची जुनी बरणी शोधत तो कचऱ्याच्या पेट्या धुंडाळतो. आईने घरात लपवून ठेवलेले पैसे सापडतात तेव्हा नोटा बदलण्याची मुदत संपलेली असते. स्थलांतर न करता, आपल्याच घरात बसून परके झालेले लोक त्या भागात आजही आहेत. त्यातला एखादा आपल्याशी तुटकपणे वागला, तर त्याचे वागणे बरोबर ठरत नाही. पण त्याच्या मागे काय आहे ते निदान माहीत असते.

यावर एक आक्षेप येईल : चित्रपट म्हणजे काही देश नव्हे. खरे आहे. कचरा किती डब्यांत वेगळा करायचा, हे कुठलाही चित्रपट शिकवणार नाही. महोत्सवांत गाजलेले चित्रपट तिथल्या सामान्य माणसाने पाहिलेले असतीलच, असेही नाही. म्हणून तिथे तुफान चाललेला एखादा वेडगळ चित्रपटही पाहावा. काउबॉय आणि रेड इंडियनांच्या जुन्या जर्मन चित्रपटांची टर उडवणारा 'देर शू देस मानिटू' (2001) तिथे एक कोटीहून अधिक लोकांनी तिकीट काढून पाहिला. जर्मनांना विनोद कळत नाही, हा समज तरी त्याने जाईल.

मला मात्र दुसऱ्या आक्षेपाची जास्त काळजी वाटते. असे चित्रपट पाहून हातात एक हत्यार येते. लोकांनी घरात बसून स्वतःच्या ज्या चुकांवर चर्चा केली, ती आपण उपशीर्षकांच्या मदतीने ऐकली. आता पहिल्याच वादात 'तुमचा इतिहास माहीत आहे आम्हाला' असे तोंडावर फेकण्याचा मोह होईल. दुसऱ्याने स्वतःची दिलेली कबुली त्याच्याविरुद्ध वापरणे, हा हलकेपणा आहे. उलट बाजूने विचार करा. चाकणच्या कारखान्यात कामाला येणाऱ्या जर्मन इंजिनिअरने भारत म्हणून ब्रिटिश दिग्दर्शकाचा 'स्लमडॉग मिलेनिअर' पाहिला, तर आपण नाक मुरडतो. त्याने नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' किंवा चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' पाहिला, तर? ते आपणच आपल्याबद्दल, आपल्याच भाषेत बोललेले आहे. त्याने ते पाहून आपल्याला जातीवरून टोमणा मारावा, असे आपल्याला वाटणार नाही. त्याने आपल्या कारखान्यातल्या सफाई कामगाराकडे नीट पाहावे, त्याचे नाव विचारावे, एवढी अपेक्षा आपण करू. तीच अपेक्षा आपल्याकडूनही रास्त आहे.

एक चित्रपट मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे, कारण तो पाहणाऱ्याला सुखाने बसू देत नाही. राइनर व्हेर्नर फासबिंडर यांचा 1974 चा 'आंग्स्ट एसेन झेले आउफ', म्हणजे 'भीती आत्मा खाते'. म्युनिकमध्ये साफसफाईचे काम करणारी साठीची विधवा एम्मी आणि मोरोक्कोहून आलेला तिच्याहून बराच लहान कामगार अली लग्न करतात. मुलगा संतापून टीव्हीला लाथ मारतो. शेजारणी जिना घाण झाल्याची तक्रार करतात. वाणी अलीचे जर्मन न कळल्याचे सोंग करून त्याला माल देत नाही. हे बघताना आपण अर्थातच अलीच्या बाजूने असतो. आपलाही मुलगा उद्या त्याच जागी उभा राहणार असतो ना! पुढे वाऱ्याची दिशा बदलते. वाण्याला गिऱ्हाईक हवे असते, शेजारणीला तळघरातली जागा, मुलाला पोरे सांभाळायला आई. सगळे गोड बोलू लागतात. आणि आता एम्मी बदलते. मैत्रिणींना ती अलीचे दंड चाचपून बघायला लावते. त्याला कुसकुस खावीशी वाटते तर आपले जेवण अंगवळणी पाड म्हणते. कामावर युगोस्लाव्हियातून एक नवी बाई येते, तिला जिन्यावर एकटे बसवून बाकीच्या बायका कुजबुजतात, आणि कालपर्यंत त्याच जिन्यावर एकटी पडलेली एम्मी त्यांच्यात सामील होते. शेवटी अलीचा अल्सर फुटतो. परदेशी कामगारांना हे नेहमी होते, असे डॉक्टर सांगतो.

एम्मी दुष्ट नाही. तिला फक्त आपल्या माणसांत परत जागा मिळाली आहे आणि ती सोडायची नाही. आपली जागा इथे तपासावी. मुंबईत मासे-मटण खाणाऱ्या मराठी कुटुंबाला घर नाकारले की आपण चिडतो, आणि ती चीड रास्तच असते. पण महाराष्ट्रातल्याच किती सोसायट्यांत आडनाव ऐकून फ्लॅट भाड्याने गेलेला असतो? बिहारहून आलेल्या वॉचमनचे, ओडिशाहून आलेल्या प्लंबरचे, झारखंडहून आलेल्या गवंड्याचे हिंदी आपण किती वेळा मुद्दाम 'न कळल्यासारखे' करतो? जर्मनीत आपल्या मुलाला जे मिळावे असे वाटते, ते यांच्यापैकी किती जणांना आपण दिले आहे?

म्हणून या चित्रपटांची शिफारस केवळ जाणाऱ्यासाठी नाही, त्याच्या घरच्यांसाठीही आहे. तिकीट काढल्यावर महिन्याभरात पाच-सहा रविवार नाही, पण चार तरी नक्की मिळतात. त्यात आईवडिलांसह 'आल्मान्या' पाहा, 'गुड बाय, लेनिन!' पाहा, शिक्षकांची खोली आणि माळ्यावरचा तो ऐकणारा अधिकारी पाहा. फासबिंडरचा चित्रपट संपल्यावर मात्र जर्मन लोक कसे आहेत यावर चर्चा करू नका. आपल्या इमारतीत बाहेरगावाहून आलेले कोण कोण राहते, त्यांच्याशी आपण शेवटचे कधी बोललो, यावर करा. ज्याला या प्रश्नाचे उत्तर देता येते, तो कुठल्याही देशात चांगला शेजारी होईल. ज्याला देता येत नाही, त्याला व्हिसा मिळेल, पगारही मिळेल, पण परदेशात आपल्याला परके मानतात ही तक्रार करण्याचा अधिकार त्याने अजून कमावलेला नाही.