समीकरणातले अव्यक्त

शाब्दिक उदाहरणाचे समीकरण मांडताना पहिली कृती आकडेमोडीची नसते. जे माहीत नाही त्याला आधी नाव द्यावे लागते. ‘समजा, एका घोड्याची किंमत क्ष’ एवढे लिहिले की न कळलेली किंमत कळलेल्या रकमांच्या पंगतीला येऊन बसते. तिच्यात मिळवता येते, तिची पट करता येते, ती एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला नेता येते. जे हाती आलेले नाही त्याच्याशी हाती आल्यासारखा व्यवहार करण्याचा हा अधिकार बुद्धीला कोणी दिला? शाळेचे पुस्तक हा प्रश्न विचारत नाही, आणि त्याच्याकडून तशी अपेक्षाही नाही. हा प्रश्न तत्त्वज्ञानाचा आहे. भारतीय परंपरेने तो बीजगणिताच्या उंबरठ्यावरच विचारला होता.

त्या परंपरेचा एक धागा गोदाकाठी सापडतो. बीड जिल्ह्यातील माजलगाव तालुक्यात दिंद्रुड हे गाव आहे. तालुक्यातील मंजरथ येथे सिंदफणा गोदावरीला मिळते आणि नदीपलीकडच्या मुलखात परभणी जिल्ह्यातील पाथरी लागते. जुन्या ग्रंथांतील पार्थपूर ते हेच, असे शंकर बाळकृष्ण दीक्षितांसारखे अभ्यासक मानतात. सोळाव्या शतकात तेथे ज्ञानराज आणि त्याचा मुलगा सूर्यदास हे ज्योतिषी-गणिती होऊन गेले. सूर्यदासाने १५३८ मध्ये भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’वर ‘सूर्यप्रकाश’ ही टीका लिहिली. गीतेवरही त्याची टीका आहे. सुलट वाचले तर रामकथा आणि उलट वाचले तर कृष्णकथा सांगणारे ‘रामकृष्णविलोमकाव्य’ही त्याचेच. एकाच अक्षरमालेतून दोन अर्थ वाहून नेणारा हा माणूस बीजगणिताकडे वळावा, यात आश्चर्य नाही. दिंद्रुडच्या वर्गात आज फळ्यावर मांडले जाणारे समीकरण आणि ही टीका यांच्यामध्ये एका नदीचे अंतर आहे.

सूर्यदासाने ज्यावर भाष्य केले ते भास्कराचार्य शके १०३६ म्हणजे इ.स. १११४ मध्ये जन्मले. त्यांनी आपले गाव म्हणून सांगितलेले विज्जडवीड कोणते, यावर मतभेद आहेत. त्या चर्चेत बीडचेही नाव घेतले गेले आहे, तर शिलालेखाचा पुरावा चाळीसगावजवळच्या पाटणकडे बोट दाखवतो. वाद गावाचा आहे, सह्याद्रीच्या आश्रयाने राहिलेल्या या घराण्याच्या विद्येचा नाही.

‘बीजगणिता’च्या मंगलश्लोकात भास्कराचार्य अव्यक्ताला वंदन करतात. सांख्य ज्याला बुद्धीचे उत्पत्तिस्थान म्हणतात, जे सत्पुरुषाने अधिष्ठित आहे आणि साऱ्या व्यक्ताचे एकमेव बीज आहे, त्याला हा नमस्कार आहे. श्लोकातील प्रत्येक पद तीन ठिकाणी लागू पडते: सांख्यांच्या प्रकृतीला, ईश्वराला आणि गणिताला. अंकगणित ते व्यक्त, बीजगणित ते अव्यक्त, ही त्या काळची शास्त्रीय परिभाषाच होती. म्हणून या श्लोकाला नुसता कवीचा शब्दखेळ म्हणणे पुरेसे नाही. अज्ञात राशीविषयी येथे एक भूमिका घेतलेली आहे. अज्ञात राशी म्हणजे रिकामी जागा नव्हे. ती आधीपासून आहे, तिचे परिणामही समोर आहेत, फक्त ती स्वतः अजून प्रकट झालेली नाही.

या भूमिकेला सांख्यांचा आधार नेमका मिळतो. ईश्वरकृष्णाच्या ‘सांख्यकारिके’त प्रकृती का दिसत नाही याचे उत्तर असे आहे: ती नाही म्हणून नव्हे, तर सूक्ष्म आहे म्हणून. ती ओळखायची तिच्या कार्यांवरून. शाब्दिक उदाहरणातही अज्ञात संख्या कार्यांवरूनच कळते. एकाकडे ६ घोडे आणि ३०० रूपे आहेत. दुसऱ्याकडे १० घोडे आहेत, पण त्याच्यावर १०० रूपांचे ऋण आहे. दोघांची संपत्ती सारखी, तर घोड्याची किंमत काय? एकवर्ण, म्हणजे एकाच अज्ञाताच्या, समीकरणातले भास्कराचार्यांचे हे उदाहरण. ते अज्ञाताला ‘यावत्तावत्’ म्हणतात आणि ‘या’ या आद्याक्षराने लिहितात. ज्ञात संख्येला ते ‘रूप’ म्हणतात आणि ‘रू’ लिहितात. दोन पक्ष एकाखाली एक येतात: या ६ रू ३००, आणि खाली या १० रू १००, त्यातील ऋणाच्या १०० वर टिंब. दोन्ही पक्षांतून सारखेच वजा करत गेले की ४ घोडे म्हणजे ४०० रूपे उरतात आणि किंमत १०० निघते.

दिसणाऱ्यावरून न दिसणाऱ्याची अशी कल्पना करण्याला मीमांसकांनी ज्ञानाचे स्वतंत्र साधन मानले आणि त्याला अर्थापत्ती हे नाव दिले. देवदत्त दिवसा जेवत नाही आणि तरी धष्टपुष्ट आहे, तर तो रात्री जेवत असला पाहिजे, हे त्यांचे नेहमीचे उदाहरण. नैयायिकांनी तिला अनुमानातच बसवले. समीकरणाच्या दृष्टीने मात्र मीमांसकांचे वर्णन अधिक जवळचे वाटते. दोन विधाने समोर आहेत, दोन्ही खरी धरायची आहेत, आणि ती एकत्र नांदावीत यासाठी एका न दिसलेल्या गोष्टीला विशिष्टच असावे लागते. ‘क्ष’ची किंमत म्हणजे ते विशिष्ट असणे.

तुलना येथवरच चालते. गणितातले अव्यक्त शेवटी व्यक्त होते, ते १०० ठरते आणि त्याचे काम संपते. सांख्यांची प्रकृती कोणत्याही गणनेच्या शेवटी समोर येऊन उभी राहत नाही. गीतेच्या बाराव्या अध्यायात अव्यक्ताच्या उपासकांची वाट देहधाऱ्यांना अधिक क्लेशाची म्हटली आहे, ती याच कारणाने. मंगलश्लोकाचे अर्थ एकमेकांवर बसतात, पण त्यांच्या कडा जुळत नाहीत. भक्ताने त्या ओढून जुळवण्याचा हट्ट धरू नये.

अव्यक्त न मानताही उदाहरण सुटते, आणि येथे तत्त्वज्ञानाची दुसरी बाजू दिसते. ‘लीलावती’तील एक उदाहरण पूजेचे आहे. कमळांच्या राशीतून तिसरा भाग शंकराला, पाचवा विष्णूला, सहावा सूर्याला, चौथा देवीला वाहिला, आणि उरलेली ६ कमळे गुरुचरणी अर्पण केली, तर एकूण कमळे किती? भास्कराचार्य येथे इष्टकर्म वापरतात. मनाला येईल ती संख्या, समजा ६०, घ्यायची. तिचे २०, १२, १० आणि १५ असे भाग वजा केले की ३ उरतात. उरायला हवीत ६, म्हणजे मानलेली संख्या दुप्पट करायची. उत्तर १२०.

इष्टकर्मात घेतलेली ६० ही संख्या चूक असू शकते, हे घेणाऱ्याला पहिल्यापासून ठाऊक असते. तरीही ती घेतल्याशिवाय वाट सापडत नाही, आणि वाट सापडल्यावर ती सोडून द्यायची असते. अद्वैत वेदान्तात या रीतीला अध्यारोप आणि अपवाद म्हणतात. शंकराचार्य गीतेच्या तेराव्या अध्यायावरील भाष्यात संप्रदायविदांचे मत म्हणून तिचा उल्लेख करतात: निर्गुणावर आधी गुणांचा आरोप करायचा, मग तो काढून घ्यायचा. बीड जिल्ह्यातच अंबाजोगाईला ज्यांची समाधी आहे त्या मुकुंदराजांनी शके १११० मध्ये ‘विवेकसिंधू’ रचून हेच अद्वैत मराठीत आणले. जाणूनबुजून धरलेले असत्य सत्यापर्यंत पोहोचवू शकते का, या शंकेला इष्टकर्म होकारार्थी उत्तर देते. मात्र त्याला अट आहे. मानलेले मानलेलेच आहे, हे क्षणभरही विसरता कामा नये. ‘क्ष’ त्याहून सोवळा आहे. तो आकाराबद्दल काहीच मानत नाही, फक्त नाव घेतो.

पूजेच्या उदाहरणाचे समीकरण झाले की त्यातून शंकर, विष्णू, सूर्य आणि देवी निघून जातात, उरतात अपूर्णांक. यात श्रद्धेचा अवमान झाला असे नाही, कारण प्रश्न कमळांच्या संख्येचा होता. पण रूपांतर करताना काहीतरी गाळले जाते हे खरे. काय गाळायचे हे समीकरण ठरवत नाही, मांडणारा ठरवतो. म्हणून परत येण्याचा प्रवासही त्यालाच करावा लागतो. चिन्हांतून निघालेले उत्तर मूळ वाक्यात नेऊन ते तेथे अर्थ देते का, हे त्याने पाहायचे असते.

भास्कराचार्यांनी हे वानरांच्या दोन उदाहरणांनी शिकवले. पहिल्यात कळपाच्या आठव्या भागाचा वर्ग एवढी वानरे वनात खेळत आहेत आणि १२ टेकडीवर आहेत. उत्तरे दोन निघतात, ४८ आणि १६, आणि दोन्ही चालतात. दुसऱ्यात कळपाच्या पाचव्या भागातून ३ वजा करून येणाऱ्या संख्येचा वर्ग एवढी वानरे गुहेत गेली आणि एक फांदीवर दिसले. येथे ५० आणि ५ अशी उत्तरे येतात. पाचाचा पाचवा भाग १, त्यातून ३ वजा केले तर उणे २, त्याचा वर्ग ४ आणि फांदीवरचे १ मिळून ५. बीजक्रियेत कोठेही दोष नाही. तरी आचार्य ५ हे उत्तर नाकारतात. व्यक्त संख्या ऋण झाली तर तिच्यावर लोकांची प्रतीती बसत नाही, असे कारण ते देतात.

हा निवाडा बीजगणिताच्या इतिहासातील फार मोलाचा क्षण आहे. घोड्यांच्या उदाहरणात याच आचार्यांनी ऋण राशी निःशंकपणे घेतली होती, कारण तेथे तिला अर्थ होता, ती माणसाच्या डोक्यावरचे कर्ज होती. उणे दोन वानरे मात्र कोणी पाहिली नाहीत. चिन्ह दोन्हीकडे तेच, टिंबही तेच. निवाडा चिन्हाने केला नाही, ज्या जगातून वाक्य आले त्या जगाने केला. बीज म्हणजे अक्षरे नव्हेत, बुद्धी हेच खरे बीज, अशा आशयाचे आचार्यांचे म्हणणे आहे. त्याचा अर्थ या उदाहरणाइतका स्पष्ट दुसरीकडे कोठे होत नाही.

या विचाराची कसोटी आज बीड जिल्ह्यात ऊसतोडीच्या हिशेबावर लागते. दरवर्षी येथून असंख्य जोडपी मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ रक्कम, घेऊन साखर कारखान्यांच्या फडावर जातात. समजा, उचल १,२०,००० रुपये, तोडणीचा दर टनाला ४०० रुपये, आणि एक कोयता दिवसाला २ टन ऊस तोडतो. उचल फिटायला क्ष दिवस लागले, तर ८०० क्ष = १,२०,००० आणि क्ष = १५०. समीकरण बिनचूक आहे. पण ‘एक कोयता’ म्हणजे नवरा आणि बायको मिळून दोन माणसे, आणि एकटा मजूर म्हणजे ‘अर्धा कोयता’. १५० दिवस म्हणजे प्रत्यक्षात ३०० माणूसदिवस, आणि एका माणसाच्या वाट्याला रोज ४०० रुपये. आजारपणाने खाडा पडला की दोघांचाही दिवस जातो, कारण हिशेबात ते दोघे नसतातच.

वैशेषिकांनी संख्येबद्दल केलेले सूक्ष्म विवेचन येथे कामी येते. त्यांच्या मते एकत्व वस्तूत असते, पण द्वित्व आणि त्यापुढच्या संख्या अपेक्षाबुद्धीतून जन्मतात: ‘हा एक, हा एक’ असे वेगवेगळे पाहणारी बुद्धी असेल तरच दोन होतात. कोयत्याच्या हिशेबात ती अपेक्षाबुद्धी वापरलीच जात नाही. बाईचे श्रम खोट्या आकड्यामुळे नाहीसे होत नाहीत. एक म्हणजे काय हे ठरवताना ते बाजूला राहतात, आणि त्यानंतरची सारी बीजक्रिया निर्दोष असूनही ते परत येत नाहीत. समीकरण मांडण्याआधी ‘क्ष म्हणजे काय’ इतक्याच काळजीने ‘एक म्हणजे काय’ हे विचारणे म्हणूनच नीतीचाही भाग आहे.

दहावीच्या गणित भाग १ मध्ये वयाची, नावेच्या वेगाची, नोटांच्या संख्येची शाब्दिक उदाहरणे असतात, आणि ती असावीतच. दिंद्रुडच्या परिसरातील शिक्षकांनी त्यांच्या जोडीला फडावरच्या हिशेबाचे एक उदाहरण घ्यावे. आधी कोयता धरून, मग माणूस धरून, दोन्ही समीकरणे मुलांकडून फळ्यावर मांडून घ्यावीत, आणि कोणत्या उत्तरावर त्यांची प्रतीती बसते हे त्यांनाच विचारावे.