दोन सह्या

फ्रान्सचे समाजवादी राष्ट्राध्यक्ष फ्रान्स्वा मित्तराँ (१९१६–१९९६) यांच्या चरित्रातील दोन सह्या आम्हांस अस्वस्थ करतात.

पहिली १९५७ ची. अल्जीरियात युद्ध पेटले होते आणि मित्तराँ न्यायमंत्री होते. फर्नां इव्हतों या कामगाराने अल्जिअर्सच्या गॅस कारखान्यात ठेवलेला बॉम्ब फुटलाच नाही. कोणी दगावले नाही. तरीही त्याच्या दयेच्या अर्जावर मित्तराँ यांचा अभिप्राय प्रतिकूल पडला. अंतिम अधिकार राष्ट्राध्यक्ष कोती यांचा होता. ११ फेब्रुवारीस इव्हतोंचा शिरच्छेद झाला.

दुसरी १९८१ ची. लोकमत देहदंडाच्या बाजूचे असतानाही निवडणुकीपूर्वीच मित्तराँ यांनी आपला विरोध उघड सांगितला. आणि निवडून येताच, न्यायमंत्री रोबेर बादँतेर यांच्याकरवी, ९ ऑक्टोबरच्या कायद्याने ती शिक्षा रद्द केली.

दुसऱ्या सहीने पहिली पुसली जाते काय? आम्हांस तसे वाटत नाही. त्या कायद्याने पुढचे जीव वाचले. मागे गेलेल्यास त्याचा काय उपयोग? मात्र पहिलीकडे बोट दाखवून दुसरीचे मोल कमी करणेही अन्यायाचेच. सुधारलेल्या माणसास आपण हिणवू लागलो, तर सुधारण्यास धजेल कोण?

आम्हां नोकरीपेशांतील माणसांस यात एक बोध आहे. ‘निर्णय वरिष्ठांचा, आमचा केवळ अभिप्राय’, असे म्हणून आपण फाइल पुढे सरकवतो. परंतु त्या अभिप्रायाच्या ओळीतही एखाद्याचे आयुष्य असते. आणि दयेची वेळ ती ओळ लिहिण्यापूर्वीची असते, नंतरची नव्हे.