तेल आईचं, नफा पोरांचा

शाळेच्या बाल आनंद मेळाव्यात तोट्यात गेलेला स्टॉल माझ्या पाहण्यात नाही. जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेपासून शहरातल्या लाखभर फी घेणाऱ्या शाळेपर्यंत हल्ली हा मेळावा सगळीकडे भरतो. सरपंच नाहीतर संस्थेचे अध्यक्ष फीत कापतात. भेळ, वडापाव, मेथीच्या जुड्या, बोरं-चिंचा मांडलेल्या असतात आणि तासा-दोन तासांत टोपल्या रिकाम्या होतात. दुसऱ्या दिवशी इतक्या हजारांची उलाढाल झाल्याची बातमी फोटोसकट येते. खर्च किती झाला, हे बातमीदार विचारत नाही आणि शाळाही सांगत नाही.

समजा, सातवीतल्या चौघींनी भेळ विकली. २० रुपयांची एक, अशा ५० प्लेटा. गल्ला १,००० रुपये. चुरमुरे, फरसाण, कांदे, चिंच-गूळ मिळून ६०० रुपयांचा माल लागला असेल, पण तो कुणाच्या तरी बाबांनी आणून दिलेला. आदल्या रात्री चिंच कोळून चटणी केली एकीच्या आईनं. शेव तिनंच तळली. गॅस आणि तेल तिचंच. मुलींच्या वहीत यातलं काहीच नाही. तिथं हजारच्या हजार नफा. मालाचे पैसे वजा केले तर उरतात ४००. चौघींचे प्रत्येकी तीन तास धरले, तर तासाला ३३ रुपये पडले, तेही आईच्या हातावर एक पैसा न ठेवता. आणि गिऱ्हाईक कोण? आई-बाबा, मावशी, वर्गाच्या बाई. भेळ तिखटजाळ झाली तरी ‘छान झालीय हं’ म्हणत संपवणारी माणसं.

मेळाव्याला माझा विरोध नाही. मुलं त्या दिवशी खूश असतात, तेवढं पुरे. पण याला उद्योजकतेचं शिक्षण म्हणायचं, तर मुलं नेमकं काय शिकली तेही बघायला हवं. भांडवल घरून येतं आणि गिऱ्हाईक मायेपोटी मिळतं, हे शिकली. (मोठेपणी याच समजुतीवर कंपन्या काढणारेही पुष्कळ आहेत, त्यांची आई म्हणजे गुंतवणूकदार.)

अमेरिकेत १९१९मध्ये मॅसेच्युसेट्समधल्या स्प्रिंगफिल्डला ‘ज्युनिअर अचीव्हमेंट’ ही संस्था सुरू झाली. खेड्यातून शहरात येणाऱ्या मुलांना धंद्याची रीत कळावी, हा हेतू. पुढं तिथली रीत ठरून गेली. मुलांनी छोटी कंपनी काढायची, शेअर विकून भांडवल उभं करायचं, पदाधिकारी निवडायचे, वस्तू बनवून विकायची आणि वर्ष संपलं की हिशेब मिटवून, भागधारकांचं देणं चुकतं करून कंपनी बंद करायची. मला यातलं बंद करणं सगळ्यात मोलाचं वाटतं. कंपनी मिटवताना न विकलेला माल समोर येतो, उधारी समोर येते. शेअर घेणाऱ्या शेजारच्या काकांना ‘तुमचे पैसे बुडाले’ असं तोंडावर सांगावं लागू शकतं. हे आपल्याकडं कुठल्याच मेळाव्यात होत नाही.

त्याच १९१९मध्ये कराडजवळच्या काले गावी भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली. तिथल्या श्रमाची जात वेगळी. बोर्डिंगातली पोरं शेतात राबली, बांधकामावर खपली ती शिकायला मिळावं म्हणून. श्रम हीच त्यांची फी होती. त्यांच्या ‘कमवा आणि शिका’चं नाव आज उद्योजकतेच्या भाषणांत घेतात, तेव्हा ही गरज सोयीस्करपणे गळते.

शाळेतल्या मुलांनी कमवावं का, यावर खरा वाद झाला तो वर्ध्यात, ऑक्टोबर १९३७मध्ये. प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळं नुकतीच आली होती. दारूबंदी करायची, तर अबकारीचं उत्पन्न जाणार; मग शाळा कशावर चालवायच्या? गांधीजींनी शिक्षण परिषदेपुढं मांडलं की हस्तोद्योग हाच शिक्षणाचा गाभा असावा आणि मुलांच्या हातच्या मालातून हळूहळू शिक्षकाचा पगार निघावा. अर्थतज्ज्ञ के. टी. शहा यांनी स्वावलंबनाच्या या कलमाला विरोध केला. शाळेतला माल बाजारात आला, तर कारागिराच्या पोटावर पाय येईल, अशी त्यांची हरकत होती. झाकीर हुसेन समितीनं योजना आखून दिली, पण अहवालात धोकाही नोंदवला: कमाईवर भर पडला, तर शिक्षक मुलांकडून जास्तीत जास्त काम काढून घेण्यामागं लागेल आणि शिकवणं मागं पडेल.

शहांची हरकत आजच्या मेळाव्यालाही लागू पडते. फाटकाबाहेर बोरं-चिंचा विकणारी बाई माल रोखीनं आणते. आत फुकटच्या चिंचा निम्म्या भावात विकल्या गेल्या, तर त्या दिवशी तिनं काय करायचं?

यातून वाट काढली ती पाबळनं. पुणे जिल्ह्यातल्या या गावात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. त्यांच्या मूलभूत तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमात आठवी ते दहावीची मुलं आठवड्यातला एक दिवस वेल्डिंग, वीजजोडणी, शेती, आरोग्यचाचण्या असली कामं शिकतात आणि गावाला लागणाऱ्या सेवा दाम घेऊन देतात. तिथं मायेचं गिऱ्हाईक कमी. पैसे देऊन गेट करून घेतलेल्या माणसाला ते वाकडं लागलं, तर तो मुकाट्यानं घेत नाही, परत आणतो. ‘छान झालंय हं’ तिथं चालत नाही.

दिल्लीच्या सरकारी शाळांनी २०२१मध्ये ‘बिझनेस ब्लास्टर्स’ आणलं. अकरावी-बारावीच्या मुलांना बीजभांडवल म्हणून माणशी २,००० रुपये. निदान पैसे आईच्या डब्यातले नव्हते. पण सरकारनं दिलेलं भांडवल बुडालं तरी मुलाच्या पोटात गोळा येत नाही. माझं मत विचाराल तर रक्कम थोडी असावी, पण ती परत करायची असावी.

अर्थात तशी परतफेड कायद्यानं मुलांवर बंधनकारक करता येत नाही. आपल्या करार कायद्यानं अठराच्या आतल्याशी केलेला करार मुळातच रद्दबातल. प्रिव्ही कौन्सिलनं १९०३मध्ये मोहोरी बीबी खटल्यात ते पक्कं केलं. म्हणजे मुलांच्या धंद्याचा मालक कागदोपत्री कुणी मोठाच असणार, आणि बहुतेक वेळा तो वर्गशिक्षक असतो. म्हणूनच तोटा झाला की तो गुपचूप खिशातून भर घालतो, आणि वर्गात शिकवण्यासारखी एकमेव गोष्ट वहीत येतच नाही.

तेव्हा शाळा व्यवस्थापन समितीनं जूनमध्येच दोन-तीन हजार रुपये ‘बुडू शकतात’ असा शेरा मारून मंजूर करावेत. मुलांनी त्यातून कर्ज घ्यावं, आईच्या तासांचा दर आईलाच विचारून वहीत लिहावा, माल ओळखीपाळखीबाहेरच्या माणसाला विकावा आणि मार्चमध्ये धंदा बंद करून ताळेबंद फलकावर लावावा. तोटा असेल तर तोही, शाईनं.