तोरणाचे फूल आणि झाडावरचे फूल

॥ रामकृष्णहरि ॥

वारकरी मायबापहो, वसंत म्हटला की काव्यात कोकिळा येते, आम्रमोहोर येतो. आमच्या आर्णीचा वसंत मात्र निराळा. चैत्र सरता सरता अरुणावतीचे पात्र आटू लागते, आणि वैशाखात पारा 44-45 अंशांवर जाऊन बसतो. अशा दिवसांत उघड्यावर फुलाचे बी टाकले तर कोंब वर यायच्या आत करपतो. थंड मुलुखातले लोक हिमाच्या भयाने बी घरात रुजवतात, आम्ही उन्हाच्या भयाने ओसरीवर रुजवतो. भय निराळे, परंतु कोवळ्या जिवाला आधी छाया पाहिजे, हा न्याय एकच.

सुटीत नातवंडे आली होती. वैशाखाच्या दुसऱ्या पंधरवड्यात त्यांना घेऊन झेंडू लावायला बसलो. आता लावला म्हणजे मृगाच्या पावसात रोप अंगणात जाते आणि श्रावणात देवापुढे फूल येते. नारळाच्या करवंट्यांना खाली भोक पाडले. आमची काळी माती एकटी घ्यावी तर वाळून तिला भेगा पडतात, म्हणून तीत नदीची रेती आणि जुने शेणखत मिसळले. बी आडवे ठेवून वर मातीची बारीकशी चिमूट टाकायची आणि हाताने पाणी शिंपडायचे, एवढेच काम.

नातवाने बी घेतले ते परसातल्या झाडावरच वाळलेल्या बोंडातून. धाकट्या नातीला ती काळी कळकट बोंडे आवडली नाहीत. दाराला दिवाळीचे तोरण अजून होते, त्यातली फुले सोडून तिने बी काढले. प्रत्येकाने दहा दहा बिया टाकल्या. पाचव्या दिवशी नातवाच्या करवंटीत आठ कोंब आले. नातीच्या करवंटीत काहीच नाही. सहावा दिवस गेला, सातवा गेला. पोर रोज पहाटे उठून करवंटीपुढे बसायची आणि न बोलता आत जायची.

सज्जनहो, आता सांगतो ते सांगताना मान खाली जाते. आठव्या रात्री सगळी निजल्यावर मी कंदील घेऊन ओसरीवर गेलो. नातवाच्या करवंटीतली तीन रोपे काडीने उचलली आणि नातीच्या करवंटीत लावली. मनात म्हटले, लेकराचे समाधान होईल, त्यात पाप ते काय?

सकाळी नात आनंदाने नाचली. परंतु नातवाने आपली रोपे मोजली, पाचच निघाली. तो ओरडला, “हिनंच चोरले माहे रोपटे!” ती रडत म्हणाली, “म्या नाही चोरले. माह्या करवंटीत देवानं देल्ले!” आणि ज्याने चाळीस वर्षे फडावर उभे राहून सत्याचे निरूपण केले, तो मी खांबाला टेकून गप्प बसलो. निरपराध लेकरावर चोरीचा आळ आला तरी दुपारपर्यंत माझी जीभ उचलली नाही. तोवर ती तिन्ही रोपे माना टाकून पडली होती.

तेव्हा दोघांना जवळ घेतले आणि सांगितले, “चोर मी आहे.” नात पुष्कळ वेळ माझ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “मंग आबाजी, माह्या करवंटीत देव आलाच नव्हता?”

मायबापहो, या प्रश्नाला उत्तर काय द्यावे? पोथ्या पुष्कळ वाचल्या, पण त्या वेळी बीच हातात घेतले. तोरणातल्या फुलाचे बी चुरडून दाखवले, ते पोकळ होते. झाडावरच्या बोंडाचे बी टणक आणि भरीव होते. म्हटले, “बाई, देव आला नाही असे नाही. हे फूल ऐन बहरात तोडले, दाराची शोभा झाले, पण बी भरायला त्याला वेळ मिळाला नाही. ते दुसरे झाडावरच राहिले. त्याच्या पाकळ्या वाळल्या, रंग गेला, कोणी त्याच्याकडे पाहिले नाही, आणि त्याच दिवसांत आत बी भरले.”

बोलता बोलता तो दृष्टांत माझ्याच अंगावर आला. रात्री मी केले ते तरी काय? मूळ नसलेले तोरणच बांधले. टाळ्यांसाठी केलेले कीर्तन आणि लोकांनी पाहावे म्हणून केलेली वारी, हीही तोरणाची फुले होत. शोभा दिसते, बीज राहत नाही. नामाचे बी भरायचे तर मुळाला धरून राहिले पाहिजे आणि कोणी पाहत नसताना वाळले पाहिजे. सावता महाराजांची संप्रदायातली आख्यायिका हेच सांगते. अरणचा मळा सोडून ते पंढरीस गेले नाहीत, पांडुरंगच मळ्यात आला. शके 1217 मध्ये, म्हणजे सन 1295 साली, त्यांनी देह ठेवला तो तेथेच.

गीतेच्या नवव्या अध्यायात भगवंत पान, फूल, फळ, पाणी एवढेच मागतात. फूल किती मोठे, कोणत्या कुळातले, हे विचारत नाहीत. हा झेंडू तरी मूळचा मेक्सिकोकडचा, आज तो आपल्या देवघरात आहे. परंतु जे द्यावे ते आपले असावे, चोरून लावलेले नसावे. पाणी घालणे आपल्या हाती, कोंब आणणे त्याच्या हाती. लेकरांना फळ दाखवण्याच्या घाईत आपण त्याचे काम हाती घेतो, आणि लेकराचा विश्वासच उपटून बसतो.

संध्याकाळी नातवाने आपणहून एक वाळलेले बोंड बहिणीपुढे ठेवले. तिने पुन्हा दहा बिया मोजून टाकल्या आणि मला बजावले, “आबाजी, तुम्ही हात लावायचा नाही.” मी लावला नाही. सहाव्या दिवशी दोन कोंब आले. दोनच, पण तिचे. त्यांतले पहिले फूल पांडुरंगाला, असा तिचा नेम ठरला आहे.

बोला, पुंडलीक वरदा हरि विठ्ठल!