कितीला पडली?

२०१७ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाकडे एक निनावी ई-मेल आला. पाठवणाऱ्याने स्वतःची ओळख मारुती सुझुकीचा डीलर अशी दिली होती. मुंबईबाहेरच्या महाराष्ट्रातल्या डीलरांना कंपनीने आखून दिलेल्या मर्यादेपलीकडे ग्राहकाला सूट देता येत नाही, दिली तर दंड भरावा लागतो, अशी त्याची तक्रार होती. चौकशी होऊन ऑगस्ट २०२१ मध्ये आयोगाने कंपनीला २०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला. आदेशात नोंदवलेली कार्यपद्धत एखाद्या हेरकथेत शोभावी अशी आहे. काही माणसं ग्राहक बनून शोरूममध्ये जात, जादा सवलत मागत, आणि कुणी ती देऊ केली की तसा अहवाल कंपनीकडे पोहोचे. मग दंड शोरूमलाच नव्हे, तर तिथल्या सेल्समनपासून मॅनेजरपर्यंतच्या माणसांनाही होई.

कंपनीने या आदेशाविरुद्ध अपील केलं. ह्युंदाईला अशाच स्वरूपाच्या आरोपावरून २०१७ मध्ये झालेला ८७ कोटींचा दंड तर पुढच्याच वर्षी अपिलात रद्द झाला. कायद्याचा काथ्याकूट काही असो, ग्राहकाच्या कामाची गोष्ट वेगळीच आहे. तासभर घासाघीस झाल्यावर सेल्समन ‘साहेब, याच्या खाली एक रुपया नाही’ म्हणतो, तेव्हा ती मर्यादा त्याने ठरवलेली असते की त्याच्याही वरच्या कुणी, हे समोर बसलेल्याला कळायला मार्ग नसतो. तरीही पेढे वाटताना छाती फुगवून सांगितला जातो तो सवलतीचाच आकडा. सोसायटीतल्या दुसऱ्या कुणाला दहा हजार जास्त सुटले असं कळलं, की त्याच गाडीची गोडी निम्मी होते. किंमत तीच राहते आणि समाधान मात्र उतरतं.

अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड थेलर यांनी १९८५ मधल्या एका लेखात हे कोडं उलगडून ठेवलं आहे. खरेदीतून माणसाला दोन प्रकारचा लाभ होतो, असं ते म्हणतात. एक वस्तूचा आणि दुसरा ‘सौदा चांगला जमला’ या भावनेचा. ही भावना खऱ्या किमतीतून येत नाही. मनात धरलेल्या एखाद्या आकड्याशी तुलना करून ती जन्मते. गाडीच्या बाबतीत तो आकडा बहुधा विकणाराच मनात भरवून देतो: आधी छापील किंमत, मग त्यातून वजा होणारी ‘फक्त या महिन्यापुरती’ ऑफर.

सवलतीचा आकडा खरं तर ग्राहकाच्या हुशारीपेक्षा डीलरच्या गरजेबद्दल जास्त सांगतो. ३० जुलै २०२२ रोजी महिंद्राच्या स्कॉर्पिओ-एनचं बुकिंग सुरू झालं आणि अर्ध्या तासात एक लाख मागण्या नोंदल्या गेल्या. अशा गाडीवर सूट मागणारा माणूस विनोदी ठरला असता. दोनच वर्षांनी, सप्टेंबर २०२४ च्या अहवालात, डीलरांच्या ‘फाडा’ या संघटनेने देशभरातल्या शोरूमांकडे ८० ते ८५ दिवस पुरेल इतका माल पडून असल्याचं जाहीर केलं. पडून असलेल्या गाडीवर डीलर कर्जाचं व्याज भरत असतो. त्या दिवसांत ज्यांना घसघशीत सूट मिळाली, त्यांच्या वाटाघाटीला त्या व्याजाने मोठाच हात दिला.

योग्य किंमत कोणती, हा प्रश्न या देशात एकदा थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. १९६९ मध्ये केंद्र सरकारने अॅम्बॅसेडर, फियाट आणि स्टँडर्ड हेराल्ड या तीन गाड्यांच्या विक्रीच्या किमती बांधून दिल्या. त्या परवडत नाहीत म्हणून कंपन्या न्यायालयात गेल्या. त्यांत फियाट बनवणारी कुर्ल्याची प्रीमियर ऑटोमोबाइल्सही होती. खर्च तपासायला आयोग नेमावा लागला आणि १९७१ मध्ये निकाल आला. आणि एवढी काटेकोर किंमत कागदावर असतानाही गाडीसाठी वर्षानुवर्षं थांबावं लागे, तर लगेच हवी असणारा वरचे पैसे मोजून जुनी गाडी घेई. पुरवठाच अपुरा असताना सरकारी शिक्क्याची किंमत ग्राहकाच्या पदरात पडत नव्हती.

आज किमती मोकळ्या आहेत, पण त्यांचे थर वाढले आहेत. समजा, पुण्यात आठ लाख रुपये एक्स-शोरूम किमतीची पेट्रोल गाडी घ्यायची आहे. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर ११ टक्के एकरकमी कर लागतो, म्हणजे ८८ हजार. तेवढ्याच किमतीच्या डिझेल गाडीवर १३ टक्क्यांनी तो १ लाख ४ हजार होतो. यात घासाघिशीला जागा नाही. २०१८ पासून नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे आणि त्याचा दरही सरकारच ठरवतं. गाडी दहा लाखांच्या वर गेली तर आणखी एक टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच वसूल होणारा कर, घेतला जातो. तो प्राप्तिकराच्या विवरणपत्रात वळता करून घेता येतो, हे मात्र अनेकांच्या ध्यानात राहत नाही.

हे बाजूला काढलं की उरतो तो खरा वादाचा मुलूख. त्यातला सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे विम्यातला स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा हिस्सा. तो डीलरकडूनच घ्यावा अशी कुठलीही सक्ती नाही, आणि बाहेरचं कोटेशन दाखवलं की शोरूमचा आकडा पुष्कळदा उतरतो. जुन्या गाडीवर क्लेम घेतलेला नसेल तर नो क्लेम बोनस नव्या गाडीकडे वळवता येतो आणि तो या हिश्श्यावर ५० टक्क्यांपर्यंत असू शकतो. शिवाय यादीत ‘हँडलिंग चार्जेस’, मॅट, सीट कव्हर, टेफ्लॉन कोटिंग असतं. एका हाताने दिलेली वीस हजारांची सूट दुसऱ्या हाताने परत घ्यायची जागा हीच.

कर्जाचंही तसंच आहे. सात लाखांचं कर्ज सात वर्षांसाठी नऊऐवजी साडेनऊ टक्क्यांनी घेतलं, तर हप्ता फक्त पावणेदोनशे रुपयांच्या आसपास वाढतो, पण एकूण सुमारे पंधरा हजार रुपये जास्त जातात. एक्स्चेंज बोनस भरभक्कम दिसत असेल, तर जुन्या गाडीला किती धरले ते बघावं.

काळही आपला वाटा उचलतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी उपकरासह २९ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. करापूर्वी सहा लाख किमतीची गाडी एका रात्रीत ६६ हजारांनी स्वस्त झाली. त्याच वर्षीच्या जुलैत चाळीस हजारांची सूट पदरात पाडून घेतलेल्याचा सौदा फसला असं म्हणायचं का? तसं म्हणणं न्यायाचं नाही. त्या दिवशी बाजारात जी किंमत होती तिच्यातच त्याचा निवाडा व्हायला हवा. डिसेंबरातल्या मोठ्या सवलतीचा हिशेब मात्र आधीच मांडता येतो. आरसी बुकात उत्पादनाचा महिना आणि वर्ष येतं, त्यामुळे जानेवारीत ती गाडी कागदावर एक वर्ष जुनी होते. लवकर विकणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागते. दहा वर्षं वापरणाऱ्याला ती सूट जवळजवळ निव्वळ फायद्याची.

मग घासाघीसच नको, सगळ्यांना एकच भाव असावा, असं वाटणं साहजिक आहे. त्यामागे नैतिक कारणही आहे. इयन एअर्स आणि पीटर सीगलमन यांनी शिकागोच्या शोरूमांत एकच संवाद पाठ केलेले ग्राहक पाठवून पाहिले. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात गोऱ्या पुरुषांपेक्षा स्त्रियांना आणि कृष्णवर्णीयांना चढे भाव सांगितले गेल्याचं दिसलं. इकडे चाकणच्या मर्सिडीज-बेंझ इंडियाने ऑक्टोबर २०२१ पासून गाड्या स्वतः विकायला सुरुवात केली. डीलर मध्यस्थ झाला आणि देशभर एकच किंमत आली. शेजाऱ्याला स्वस्त मिळाली असेल ही धास्ती त्याने संपते. पण सगळ्यांना सारखी असलेली किंमत रास्त आहे की नाही, हा प्रश्न शिल्लकच राहतो.

त्यामुळे निवाडा शेवटी ग्राहकालाच करायचा आहे, आणि तो गाडी घेण्याआधी व्हायला हवा. तेच व्हेरिएंट, तोच उत्पादन महिना, तेच शहर धरून दोन-तीन ठिकाणांहून ओळीनिशी लेखी कोटेशन घ्यावं. सूट, विमा, एक्स्चेंज आणि कर्जाचा फरक एकत्र करून शेवटचा एकच आकडा शेजारी शेजारी मांडावा. आपला आकडा त्यांत सर्वांत खाली किंवा चार-दोन हजारांच्या अंतरावर असेल, तर किंमत चांगली मिळाली. आणि ज्या शोरूमची असं कोटेशन लिहून द्यायची तयारी नसेल, तिथे ऑफर कितीही मोठी असली तरी बुकिंगचे पैसे भरू नयेत.