कोणाचे काम आधी?

आमच्या बऱ्हाणपुरात यंत्रमागांची खटखट कानाआड करता येत नाही. सुताचा ताणा आधी तयार होतो, मग त्याला कांजी लागते, नंतर तो मागावर चढतो. दहा ताणे खोळंबले असतील तर आधी कोणता घ्यावा? दहा कामांचे क्रम ३६,२८,८०० होतात. पंधरांचे सुमारे १.३ लाख कोटी.

यंत्रे दोनच असतील तर जॉन्सन यांनी १९५४ साली सोपा नियम दिला. सर्वांत कमी वेळ पहिल्या यंत्रावरचा असेल तर ते काम आरंभी घ्यावे, दुसऱ्यावरचा असेल तर शेवटी. उरलेल्यांना हाच न्याय. तिसरे यंत्र आले की हा नियम तोकडा पडतो. दहा कामे आणि दहा यंत्रे यांचे १९६३ साली छापलेले एक कोडे पूर्ण सुटावयास १९८९ साल उजाडले. कारखानदार इतका थांबू शकत नाही. म्हणून कोणताही एक क्रम धरावा, दोन कामांची अदलाबदल करावी, वेळ वाचला तर बदल ठेवावा. धोका असा, की धुक्यात चढणारा माणूस एखाद्या टेकाडालाच असीरगड समजून बसतो. त्यावर १९८३ साली, धातू तापवून सावकाश निवविण्याच्या क्रियेवरून सुचलेला उपाय पुढे आला: आरंभी अधूनमधून उताराचे पाऊलही टाकू द्यावे, पुढे ती मुभा आटवीत न्यावी.

माझे मन मात्र निराळ्याच ठिकाणी अडते. चांगला क्रम कशाला म्हणावे, हे ही पद्धत सांगत नाही. एकाच यंत्रावर लहान काम आधी घेतले, तर सर्वांची सरासरी प्रतीक्षा कमीत कमी होते. हे गणिताने सिद्ध आहे. शासकीय सेवेत मी, गणित न जाणताही, तेच केले. दहा मिनिटांची प्रकरणे आधी. महिन्याचा निपटाऱ्याचा तक्ता भरगच्च दिसे, वरिष्ठ संतुष्ट असत. एका विधवेचे नामांतरणाचे प्रकरण चार वाटेकऱ्यांमुळे गुंतलेले होते. रोज नवी छोटी प्रकरणे येत आणि ते तळाशी जाई. कोणी आकसाने काही केले नव्हते. बाई येत, बाकावर बसत, दुपारच्या गाडीने परत जात.

प्रतीक्षा लांबेल तसा कामाचा मान वाढवीत जावा, असा उपाय संगणकशास्त्रात आहे. त्याने सरासरी बिघडते. किती बिघडू द्यावी, याचा आकडा शास्त्र देत नाही. क्रम लावणाऱ्यानेच तो ठरवावा लागतो. मी ठरविला नाही. पुढे माझी बदली झाली. दिनांकानुसार केलेल्या प्रलंबित सूचीत पहिलेच नाव त्या बाईंचे होते. मी खाली सही केली आणि कार्यभार सोपविला.